सात रात्री आणि सातवा दिवस

२०२५ हे ज्युबिली वर्ष. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान मला भेटावयास आले. ऑक्टोबरमध्ये रोमची यात्रा करून येणाऱ्या गटात त्यांनी नावे नोंदविली होती. यात्रा संपल्यावर त्याच गटातील काही मंडळी आणखी सात रात्री भूमध्य समुद्रातील बंदरांची सफर करणार होती. बाई थोड्या अवघडून म्हणाल्या, "फादर, रोमला जायचे ते देवासाठी. पण ही बोटीची सफर म्हणजे नुसते खाणे, बसणे आणि पाहणे. एवढा पैसा घालून हे करणे योग्य आहे का?" त्यांनी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. यजमानांनी कारखान्यात तिन्ही पाळ्या केल्या. दोघांनी मिळून मुंबईबाहेर पाहिलेले जग म्हणजे एकदा वेलंकनी आणि एकदा म्हापशाचे लग्न.

मी त्यांना संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितलेली जुनी गोष्ट सांगितली. संत योहान आपल्या शिष्यांसह खेळात रमलेले पाहून काही लोकांचा विरस झाला. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडावयास सांगितले. त्याने पुष्कळ बाण सोडले. "असेच सोडीत राहशील काय?" असे विचारताच तो उत्तरला की, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. बाईंचा चेहरा उजळला. माझ्या उत्तरावर मीही खूश झालो. त्या गटात एका धर्मगुरूची जागा मोफत होती आणि ती माझ्याकडे चालून आली. मोफत मिळालेल्या विश्रांतीविषयी माणूस सहसा प्रश्न विचारीत नाही. मीही विचारला नाही.

विश्रांती हा तत्त्वज्ञानाचा हलका विषय नव्हे. सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले की, ॲरिस्टॉटलच्या मते माणूस काम करतो ते फुरसत लाभावी म्हणून. ग्रीक भाषेत फुरसतीला 'स्खोले' म्हणत. शाळेचा इंग्रजी शब्द त्यातूनच आला. आणि कामधंद्याला ग्रीकांनी व रोमनांनी जे शब्द वापरले त्यांचा मूळ अर्थ 'फुरसत नसणे' एवढाच होता. आपल्याकडे उलट आहे. 'रिकामटेकडा' ही जवळजवळ शिवीच झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सारा जर्मनी ढिगारे उपसण्यात गुंतला असताना, १९४८ मध्ये जोसेफ पीपर या कॅथलिक तत्त्वज्ञाने फुरसतीवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. फुरसत म्हणजे आळस नव्हे, ती मनाची शांत आणि स्वीकारशील अवस्था आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मला पुस्तकात पटले होते. प्रत्यक्षात पाहिले ते पहिल्या पहाटे, डेकवर. बाईंचे यजमान कठड्यापाशी खुर्ची ओढून बसले होते. सूर्य वर येत होता. चाळीस वर्षे भोंग्याच्या तालावर जगलेला तो माणूस तासभर काही न बोलता समुद्र पाहत होता. मी शेजारी उभा राहिलो, तरी त्यांचे लक्ष गेले नाही. त्या तासाविरुद्ध मी आजही एक शब्द बोलणार नाही.

क्रूझ म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एरवी प्रवासात माणूस गावांकडे जातो. येथे गावे माणसाकडे येतात. सामान एकदाच कपाटात लावायचे. रात्री जेवून निजायचे आणि सकाळी पडदा सारला की, समोर नवे बंदर. आमच्या जहाजावर चार हजारांच्या आसपास प्रवासी होते आणि त्यांच्या दिमतीला दीड हजारांवर कर्मचारी. रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरातून आम्ही गुरुवारी निघालो. मग पालेर्मो, माल्टाचे वालेत्ता, एक दिवस नुसता समुद्र, त्यानंतर बार्सेलोना, मार्सेय, जेनोवा, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चिवितावेक्किया. प्रत्येक ठिकाणी सात-आठ तास. पालेर्मोच्या राजवाड्यात बाराव्या शतकातील एक चॅपेल आहे. भिंतींवर बायझंटाइन पद्धतीचे सोनेरी मोझेइक आणि वर अरबी धर्तीचे कोरीव लाकडी छत. ते पाहताना मान दुखली तरी खाली करवत नव्हती. परंतु वाटाड्याने छत्री उंचावली आणि आम्ही बसकडे निघालो.

एवढ्या पाहुण्यांचे यजमानांना काय वाटते, हाही प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये बार्सेलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडविले होते. ऑगस्ट २०२१ पासून व्हेनिसच्या जुन्या शहरालगतच्या कालव्यातून मोठ्या जहाजांना इटलीच्या सरकारने बंदी घातली. जुलै २०२५ मध्ये बार्सेलोनानेही आपल्या सात क्रूझ धक्क्यांपैकी दोन २०३० पर्यंत कमी करण्याचे ठरविले. पाहुणा किती असावा, हे यजमानाने ठरविणे मला गैर वाटत नाही. वसईच्या किनाऱ्यावरील लोकांना रविवारच्या गर्दीवरून याची कल्पना येऊ शकेल.

शनिवारी आम्ही वालेत्ताला पोहोचलो. माल्टाचे लोक कॅथलिक, त्यांची भाषा मात्र अरबीच्या कुळातली. देवाला ते 'आल्ला' म्हणतात. बाईंना याचे फार नवल वाटले. संत पौलाच्या जहाजफुटीला वाहिलेले मंदिर त्या शहरात आहे आणि संतांच्या मनगटाचे अस्थी-अवशेष तेथे जपून ठेवले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांचे शेवटचे दोन अध्याय ज्यांनी वाचले असतील त्यांना आठवेल की, पौलाचा हाही भूमध्य समुद्रातील बंदराबंदरांचा प्रवासच होता. मात्र तो साखळदंडातील कैदी म्हणून चालला होता. जहाजावर २७६ माणसे होती. चौदा दिवस वादळात भरकटून ते माल्टाच्या किनाऱ्याशी फुटले. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरील लोकांनी, हे कोण, कोठले, कैदी किती आणि शिपाई किती, याची चौकशी न करता प्रथम शेकोटी पेटविली. पुढे तीन महिन्यांनी पौल दुसऱ्या जहाजाने सिराकूस, रेगियुम आणि पुतेओली या बंदरांवरून रोमकडे गेला. नेपल्सच्या बाजूला असलेले पुतेओली आजही पोझ्झुओली म्हणून नांदते आहे. आमच्या जहाजावरील मार्गदर्शिकेत या प्रवासाचा एका ओळीत उल्लेख होता आणि खाली दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती.

त्या संध्याकाळी जहाज पश्चिमेकडे निघाले. आमच्या डाव्या हाताला, क्षितिजाच्या पलीकडे, लांपेदूझा बेट होते. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या बेटाजवळ निर्वासितांची बोट बुडून ३६० हून अधिक माणसे मेली. त्यापूर्वी तीनच महिने, ८ जुलैला, दिवंगत पोप फ्रान्सिस तेथे गेले होते. रोमबाहेरचा त्यांचा तो पहिलाच प्रवास. बुडालेल्यांसाठी त्यांनी समुद्रात फुलांचे चक्र सोडले होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरविषयक संघटनेच्या नोंदीनुसार २०१४ पासून या समुद्रात मेलेल्या व बेपत्ता झालेल्या माणसांची संख्या ३०,००० च्या वर गेली आहे. प्राचीन रोमन लोक या समुद्राला 'आमचा समुद्र' म्हणत. मी डेकवर उभा होतो. मागे पोहण्याचा तलाव होता. समुद्राच्या मधोमध, समुद्राच्याच पाण्यापासून उंचावर बांधलेला तलाव! त्यात मुले खेळत होती आणि ती आनंदात होती. मुलांचा आनंद खोटा नसतो. पण त्या रात्री मला बाईंचा पावसाळ्यातला प्रश्न पुन्हा आठवला.

दुसऱ्या एका कारणानेही तो आठवला. वालेत्ताहून परतल्यावर बाई केबिनच्या दारात यजमानांशी आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटत होत्या. तेवढ्यात टॉवेलांची गाडी ढकलणारा तरुण थांबला आणि त्याच बोलीत विचारता झाला, "आंटी, तुम्ही वसईच्या का?" तो आमच्या धर्मग्रामापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या गावचा निघाला. गोव्याच्या तारवटींची परंपरा सर्वांना ठाऊक आहे. आता आमच्या वसईतही बोटीवर गेलेला मुलगा नाही असा आळी-पाखाडीचा कोपरा विरळा. मी धर्मगुरू आहे असे कळताच त्याने विचारले, "फादर, उद्या रविवार. आम्हांला मिस्सा मिळेल?" जहाजाच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. वेळ ठरली रात्री पावणेबाराची. त्यापूर्वी त्यांना सवड नव्हती.

प्रवाशांना न दिसणाऱ्या जिन्यांनी तो मला खाली घेऊन गेला. गालिचा संपला, पोलादी फरशी लागली. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात चौदा जण जमले होते: फिलिपीन्सचे, इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाचे, होंडुरासची एक स्त्री, दोघे गोव्याचे आणि आमचा वसईचा. काहींच्या अंगावर अजून स्वयंपाकघराचा पोशाख होता. शुभवर्तमानानंतर मी बोलू लागलो आणि दुसऱ्याच मिनिटाला एका फिलिपिनो गृहस्थाचे डोके हळूच टेबलावर टेकले. शेजारच्याने त्याला हलविले, तो दचकून उठला, माझ्याकडे पाहून ओशाळून हसला आणि पुन्हा झोपला. मी प्रवचन आवरते घेतले. गुरुदीक्षा झाल्यापासून मी इतके लहान प्रवचन कधी केले नव्हते. त्यांना पहाटे साडेपाचला पुन्हा उठायचे होते. मी त्यांना काही देण्यासाठी खाली गेलो होतो. प्रत्यक्षात त्यांच्या झोपेतला एक तास मी घेतला होता.

समुद्रावरील श्रमांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ मध्ये अमलात आला. भारतानेही त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यात चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांतीची अट आहे. दुसऱ्या पद्धतीने मोजले तर आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालते. हे कागदावरचे संरक्षण आहे आणि ते नसण्यापेक्षा पुष्कळ बरे. पण ७२ तासांना सात दिवसांनी भागले की, रोजचे दहा तास होतात आणि रविवार उरत नाही. "सुट्टीचा दिवस असा नाही, फादर," तो मुलगा म्हणाला. "कंत्राट संपले की एकदम सुट्टी."

वाचकहो, तिसरी आज्ञा आपल्याला बालपणापासून पाठ आहे. परंतु ती बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन ठिकाणी तिची कारणे निरनिराळी आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. निर्गमाच्या पुस्तकात कारण दिले आहे ते सृष्टीचे: देवाने सहा दिवस काम केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादाच्या पुस्तकात कारण आहे ते गुलामगिरीचे: तुम्ही मिसर देशात दास होता, हे आठवा. दोन्ही ठिकाणी विसाव्याची यादी घरमालकापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळे तीत मोजलेले आहेत. अनुवादात तर स्पष्टच म्हटले आहे की, दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा. विसावा घेण्याची आज्ञा आणि विसावा घेऊ देण्याची आज्ञा या तेथे दोन आज्ञा नाहीत. 'सुट्टी' हा आपला शब्दही 'सुटणे' या क्रियापदाचा नातलग आहे. जो सुटला त्याची सुट्टी. मग सुटलेल्याने दुसऱ्याला बांधून ठेवले तर त्या दिवसाला काय म्हणावे?

येथे घाई करून निष्कर्ष काढणाऱ्यांपासून मी सावध राहू इच्छितो. सोमवारी मी त्या मुलापाशी माझे मन थोडे मोकळे केले. तो हसला. "फादर, तुम्ही लोक आला नाहीत, तर आम्ही घरी बसू." त्याचे हे तिसरे कंत्राट. पहिल्यावर बहिणीचे लग्न झाले, दुसऱ्यावर घराचा वरचा मजला चढला. त्याच्या बोलण्यात दीनपणा नव्हता, अभिमान होता. त्याच्या कामाला मी दास्य म्हटले तर तो माझाच उद्धटपणा ठरेल. प्रवाशांनी सद्सद्विवेकाखातर घरी बसावे, असे सांगणारा धर्मगुरू त्याच्या आईला काय उत्तर देणार? तरीही त्याचे उत्तर प्रश्न मिटवीत नाही. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी ज्यांचे नाव धारण केले, त्या लिओ मालिकेतील तेरावे पोप लिओ यांनी १८९१ मध्येच 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात बजावले होते की, गरजेपोटी कामगाराने कठोर अटी पत्करल्या, एवढ्यावरून त्या न्याय्य ठरत नाहीत. रविवारच्या विश्रांतीचा हक्क त्यांनी त्याच पत्रात सांगितला.

बाईंनी आपल्या परीने न्याय करून पाहिला. मिस्साची हकीकत ऐकल्यापासून त्या सकाळी उठून स्वतःच अंथरुणे घडी घालू लागल्या, न्हाणीघर पुसू लागल्या. दुसऱ्या दिवशी तो मुलगा काकुळतीला आला. "आंटी, असे करू नका. सुपरवायझर बघेल तर म्हणेल, मी काम केले नाही." बाई हिरमुसल्या. मला मात्र त्यातून एक गोष्ट उमगली. आपल्या व्यक्तिगत चांगुलपणाने ७२ चे ६० तास होत नाहीत. ते नियमाने होतात, आणि नियम बदलला तर तिकीट महागते. महागलेले तिकीट कुरकुर न करता घेणे, टॉवेल रोज न बदलला तर तक्रारीची चिठ्ठी न टाकणे, खालच्या लोकांना बंदरावर उतरावयास मिळते का असे नोंदणी करतानाच विचारणे, या गोष्टी अंथरूण आवरण्याइतक्या गोड नाहीत. आणि जाता जाता, बोटीवरच्यांचीच चिंता कशाला? रविवारी मिस्साहून परतल्यावर आपल्या घरात मटण कोण शिजवते आणि सणाच्या जेवणावळीनंतर टोप कोण घासते, हेही पाहावे. तिसरी आज्ञा तेथेही लागू आहे.

पण कसोटी माझीच लागायची होती. मंगळवारी मार्सेय. त्या शहराच्या टेकडीवर पवित्र मरियेचे 'नोत्र-दाम द ला गार्द' हे मंदिर आहे. वादळातून वाचलेल्या दर्यावर्द्यांनी नवस फेडताना वाहिलेल्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती त्याच्या छतापासून टांगलेल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस तेथे गेले असता दर्यावर्दी आणि समुद्रात हरवलेले निर्वासित यांच्या स्मारकापाशी त्यांनी प्रार्थना केली होती. संपूर्ण सफरीत मला पाहायचे होते ते हेच. पण पहाटे जहाज वाटेत थांबले आणि बंदरात पोहोचावयास तीन तास उशीर झाला. टेकडीची फेरी रद्द झाली. मी चिडलो. भोजनगृहात मी चारचौघांत म्हणालो की, पैसे घेतात आणि वेळ पाळता येत नाही. आणि माझे तर पैसेही घेतलेले नव्हते! दुपारी कळले की, स्वयंपाकघरातील एका कामगाराच्या छातीत दुखू लागले होते. त्याला न्यावयास किनाऱ्यावरून हेलिकॉप्टर आले होते आणि त्यासाठी जहाजाला मार्ग बदलून थांबावे लागले होते. तो आमच्या रविवारच्या चौदा जणांपैकी होता की नाही, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

त्या संध्याकाळी मला एक जुनी बातमी आठवली. सप्टेंबर २०१४ मध्ये सायप्रसजवळ खवळलेल्या समुद्रात एक लहान बोट संकटात सापडली होती. सुट्टीचे प्रवासी घेऊन परतणारे एक क्रूझ जहाज वाट वाकडी करून तेथे गेले आणि त्याने ३४५ जणांना वर घेतले. बहुतेक सीरियाचे, त्यांत बायका होत्या, मुले होती. लिमासोल बंदरात प्रवासी उतरून गेले. वाचविलेले लोक मात्र कित्येक तास उतरावयास तयार होईनात. त्यांना इटलीला जायचे होते. त्या जहाजाचे नाव होते 'सालामिस फिलोक्सेनिया'. फिलोक्सेनिया या ग्रीक शब्दाचा अर्थ परक्याविषयीचे प्रेम, आतिथ्य. नव्या करारात हा शब्द येतो. बोटीच्या मालकांनी तो बहुधा पर्यटकांना डोळ्यांपुढे ठेवून निवडला असेल. समुद्रावर संकटात सापडलेल्याला वाचविणे हे कप्तानाचे कर्तव्य असते आणि ते त्याने केले. माझे मन त्या प्रवाशांपाशी घुटमळत राहिले. ते उशिराने उतरले असतील, कुणाचे विमान चुकले असेल, मुले कंटाळली असतील. मी त्यांच्यात असतो तर? आठ दिवसांपूर्वी मी सहज म्हटले असते की, मी शेकोटी पेटविणाऱ्यांत असतो. मार्सेयनंतर तसे म्हणवत नव्हते. नोत्र-दाम द ला गार्द मी डेकवरूनच पाहिले. मनोऱ्यावरची सोनेरी मूर्ती उन्हात चमकत होती. खाली धक्क्यावर आमची माणसे पिशव्या घेऊन परतत होती.

जेनोवाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही, पाऊस होता.

गुरुवारी चिवितावेक्कियाला उतरताना मार्गिकेत चादरींचे ढीग पडले होते. काही तासांत नवे प्रवासी येणार होते आणि त्याच्या वाट्याच्या सगळ्या केबिनी दुपारपर्यंत तयार हव्या होत्या. बाईंनी त्याच्या हातात लोणच्याची उरलेली बाटली ठेवली, आईसाठी निरोप घेतला. मी सहज विचारले, "बाळा, रोम पाहिलेस ना?" तेथून रोम आगगाडीने तासाभराच्या आसपास आहे. तो म्हणाला, "सात महिने दर गुरुवारी येतो, फादर. पण गुरुवारीच तर जास्त काम असते." मग थोडे थांबून त्याने विचारले, "तुम्ही पवित्र दरवाजातून गेलात? कसा आहे?"

मी सांगू लागलो. कांस्याचा आहे, मुख्य दरवाजांच्या उजव्या टोकाला. तो फार मोठा असेल असे त्याला वाटत होते. मी म्हणालो, तेवढा मोठा नाही, गर्दीमुळे हळूहळू आत जावे लागते, आत गेल्यावर लगेच उजवीकडे मरियेच्या मांडीवर ख्रिस्ताचा देह आहे. तो दोन्ही हातांत चादरी धरून ऐकत होता. एवढ्यात मार्गिकेच्या टोकाकडून कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो," तो म्हणाला आणि पुढच्या केबिनीत गेला.